रंग वाळू नये म्हणून डब्यातली ओली पॅलेट

वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर खेळायच्या युद्धखेळाच्या, २८ मिलिमीटरच्या छोट्या सैनिकाच्या पुतळ्याला अ‍ॅक्रिलिक रंग देताना, त्यातून पंखा चालू असेल तर, चेहरा पुरा व्हायच्या आत पॅलेटवरचा थेंब वाळतो. मग पुन्हा तीच छटा जुळवत बसा! ओल्या पॅलेटवर रंगाला खालून ओल मिळत राहते, म्हणून तो लवकर वाळत नाही. विकतची ओली पॅलेट चांगली असते, पण घरच्या डब्यावरही काम भागतं.

१. घट्ट झाकणाचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या.
२. तळाशी किचन टिश्यूच्या चार-पाच घड्या अंथरून पूर्ण भिजवा. डबा तिरका करून वर साचलेलं पाणी ओतून टाका.
३. त्यावर बेकिंग पेपर टिश्यूच्याच मापाने कापून बसवा आणि बोटाने बुडबुडे काढा. कागद मोठा झाला तर कडा वर वळतात. मेणकागद नको, त्यातून ओल वर येत नाही.
४. रंग या कागदावरच मिसळा.

थेंब आपोआप पसरायला लागला तर पाणी जास्त झालंय. टिश्यू थोडा टिपून घ्या. झाकण लावून ठेवलं की छटा सहसा दुसऱ्या दिवशीही चालते. पावसाळ्यात मात्र टिश्यू लवकर बदला, वास येतो.

सोनेरी-चंदेरी रंग यावर घेऊ नका. त्यातले चमकीचे कण पाण्याबरोबर पसरून बाकीच्या रंगांत जातात. त्यांच्यासाठी वेगळी कोरडी बशी ठेवा.