गोम चावली तर काय करावे, आणि ती घरात येऊ नये म्हणून

पहिला पाऊस पडून बिळांत पाणी शिरले की खान्देशात गोम मोरीत, चुलीमागे, अंथरुणात सापडू लागते.

चावलेली जागा साबण-पाण्याने धुवा. अंगठी, बांगडी, जोडवी लगेच काढा. सूज चढल्यावर निघत नाहीत. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तो भाग २०-३० मिनिटे बुडवून ठेवा. पाणी न चावलेल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. गरम पाणी नसेल तर फडक्यात बर्फ गुंडाळून १०-१० मिनिटे शेका. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी चालते. चुना, तंबाखू, ब्लेडची चीर यांनी जखम फक्त चिघळते. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, ते डॉक्टरांना सांगा.

श्वास लागला, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, किंवा लहान मूल असेल तर थेट दवाखाना, नाहीतर १०८. आणि गोम डोळ्यांनी पाहिली नसेल, नुसते दोन व्रण दिसत असतील, तर साप समजूनच न्या. मण्यार झोपेत चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही.

गोमेला ओल आणि आडोसा लागतो. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग भिंतीला टेकवून रचू नका, हात-दोन हात दूर, विटांवर ठेवा. गोवऱ्यांचेही तसेच. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी हवी. भिंतीच्या भेगा एक भाग सिमेंट, तीन भाग वाळूने बुजवा. नुसती माती पावसात धुऊन जाते. रात्री खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.