दात पांढरे करून घेताय? या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की दातांच्या दवाखान्यात एक मागणी हमखास सुरू होते. "डॉक्टर, रविवारी साखरपुडा आहे, तेवढे दात पांढरे करून द्या." सोबत आलेली आई हळूच विचारते, "याने दात झिजत नाहीत ना हो?" मागणी रास्त आहे, आईची शंकाही रास्त आहे. गडबड होते ती क्रमात. दात कशामुळे पिवळे, तपकिरी किंवा काळे पडलेत हे कोणी पाहण्याआधीच ते कसे पांढरे करायचे हे ठरलेलं असतं, बहुतेक वेळा मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघून.

डागाचं कारण न शोधता उपचार ठरवणं

बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातून निघतात, म्हणून इथे जरा सविस्तर बोलू.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतलं डेंटिन मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं एनॅमल पातळ होत जातं, डेंटिन गडद होतं आणि दात पिवळा दिसू लागतो. हा पिवळेपणा म्हणजे मळ नाही. तो घासून काढायला गेलात तर एनॅमल आणखी झिजेल आणि दात आणखी पिवळा दिसेल. ब्लीचिंगला, म्हणजे पेरॉक्साइडचं जेल लावून दाताचा रंग उजळवण्याला, मात्र असे दात उत्तम साथ देतात.

चहा, कॉफी, पान, तंबाखू यांचे डाग एनॅमलच्या वर आणि किटणावर बसतात. स्केलिंग (किटण काढणं) आणि पॉलिशिंग केलं की बरेचदा तेवढ्यावर काम भागतं, ब्लीचिंगचे पैसे वाचतात. लोहाचं पातळ औषध घेणाऱ्या मुलांच्या दातांवरचे काळे डागही असेच वरवरचे. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या माउथवॉशचंही तेच. दाढ काढल्यावर थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली बाटली "तोंड छान वाटतं" म्हणून महिनोन् महिने चालू राहते, त्यात दिवसाला चार कप चहा, मग दातांवर तपकिरी थर चढतो. बाटली बंद करा, सफाई करून घ्या, विषय संपला.

मिश्रीची गोष्ट वेगळी. कोणी मिश्री म्हणतं, कोणी मशेरी. दात घासायच्या नावाखाली तोंडात जातो तो भाजलेला तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? अशा तोंडात दातांच्या रंगाआधी गालांची आतली बाजू आणि जीभ तपासावी लागते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखटाने आग होणं, तोंड पूर्ण न उघडणं यांपैकी काहीही असेल तर व्हाइटनिंगचा विषय तिथेच बाजूला ठेवायचा आणि आधी तपासणी करून घ्यायची.

मग येतात दाताच्या आत मुरलेले डाग. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, पाण्याची दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वयाच्या पहिल्या सात-आठ वर्षांत पोटात गेलं, तर जबड्यात तयार होत असलेल्या पक्क्या दातांवर पांढरट, पुढे तपकिरी होणारे पट्टे उठतात. पोराला "दात घासत नाहीस" म्हणून धपाटे देणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. स्केलिंगने हे पट्टे जात नाहीत. ब्लीचिंगने तपकिरी रंग फिका होतो, पण पांढरे ठिपके सुरुवातीला उलट जास्तच उठून दिसतात. इथे मायक्रोअॅब्रेजन (वरचा पातळ थर हलकेच घासून काढणं), रेझिन इन्फिल्ट्रेशन (डागात पातळ रेझिन मुरवणं) किंवा डाग फारच खोल असतील तर व्हिनिअर (दातावर चिकटवायचं पातळ आवरण), असे मार्ग निघतात. पाणी बदलल्याने मोठ्याचे डाग जाणार नाहीत, तरी ते तपासून घ्याच. धाकट्याचे दात वाचतील.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईने किंवा आठ वर्षांच्या आत मुलाने टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक घेतलं असेल, तर दातांवर राखाडी-तपकिरी आडवे पट्टे पडतात. ते फिके व्हायला कित्येक महिने ट्रे, म्हणजे दातांवर बसणारा जेल भरलेला साचा, लावावा लागतो. एका बैठकीत काम होईल असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

आणि एकच पुढचा दात करडा पडला असेल तर लहानपणी सायकलवरून पडल्याचं आठवून बघा. मार लागून आतली नस मेलेली असू शकते. एक्स-रे, गरज असेल तर रूट कॅनल, आणि त्यानंतर त्या दाताच्या आतून ब्लीचिंग, हा त्याचा रस्ता. बाहेरून सगळ्या दातांना जेल लावत बसलात तर शेजारचे उजळतील आणि हा बिचारा आणखी काळा दिसेल.

लिंबू, सोडा, कोळसा आणि राखुंडी

पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. एनॅमल साधारण ५.५ च्या खालच्या पीएचला विरघळू लागतं. लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो. त्यात सोडा घातला की फेस येतो आणि घाण निघाल्यासारखी वाटते, पण तो फेस आम्ल आणि सोड्याच्या आपसातल्या भांडणाचा. खरबरीत झालेल्या दातावर पुढच्या चहाचा डाग आधीपेक्षा लवकर बसतो.

कोळशाच्या पावडरी आता सुंदर डब्यांतून येतात. त्या सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या आढाव्याने काढला होता. शिवाय त्यांचे काळे कण हिरडीच्या कडेला आणि जुन्या सिमेंटच्या फटीत जाऊन बसतात. "आमची आजी राखुंडीनेच घासायची" हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. आजीच्या दातांवर हिरडीलगत पडलेल्या खाचाही एकदा बघा.

पार्लर आणि ऑनलाइन किट

दवाखान्यातल्या जेलमध्ये साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. हिरड्यांवर संरक्षक थर लावल्याशिवाय ते वापरतच नाहीत, कारण हिरडीला लागलं तर ती भाजून पांढरी पडते. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त, ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त दंतवैद्यालाच विकता येतात आणि अठरा वर्षांखालच्यांवर ती वापरायची नसतात. भुवया कोरणाऱ्या खुर्चीत बसून हा उपचार घेऊ नका. समोरची व्यक्ती बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवीधर आहे का, राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.

किटसोबत येणारा निळा दिवा दिसतो झकास, पण काम जेल करतं, दिव्याने फारसा फरक पडत नाही. खरी अडचण ट्रेची. सगळ्यांसाठी एकाच मापाचा ट्रे कोणालाच नीट बसत नाही आणि जेल हिरडीवर गळतं.

किडलेला दात, फट पडलेलं सिमेंट किंवा सुजलेल्या हिरड्या तशाच ठेवून ब्लीचिंग करू नये. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने थांबावं. यात घाई करण्यासारखं काही नाही.

कॅप आणि सिमेंटचा रंग बदलेल असं समजणं

तो बदलत नाही. पुढच्या दाताला कॅप किंवा दाताच्या रंगाचं सिमेंट असेल तर ब्लीचिंगनंतर ते वेगळं दिसू लागतं. आधी ब्लीचिंग, मग साधारण दोन आठवडे थांबणं, त्यानंतर नवं सिमेंट किंवा कॅप, असा क्रम ठेवा. थांबायचं कारण असं की एवढ्यात रंग स्थिर होतो, आणि दातात उरलेला ऑक्सिजन निघून गेल्याशिवाय सिमेंटही नीट चिकटत नाही.

मुहूर्ताच्या तोंडावर येणं

बैठक संपल्यावर आरशात दिसणारा रंग अर्धा फसवा असतो. तासभर तोंड उघडं ठेवल्याने दात सुकतात आणि सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. काही दिवसांत तो थोडा उतरतो, हा काही उपचाराचा दोष नाही. म्हणून हळदीच्या किमान तीन आठवडे आधी सगळं संपलेलं हवं, आणि घरी ट्रे लावायचा असेल तर दोन महिने आधी भेटा. नंतरचे दोन दिवस चहा, बीट, हळदीची भाजी टाळायला सांगतात. अभ्यासांत याचा फार मोठा फरक दिसलेला नाही, तरी दोन दिवस दहीभात खायला मी सांगतोच. तंबाखू मात्र सोडायचा नसेल तर खर्च करू नका.

आईच्या शंकेचं उत्तर राहिलं. पेरॉक्साइडमधून सुटणारा ऑक्सिजन दातात शिरून रंगीत रेणू तोडतो, एनॅमल खरवडत नाही. योग्य मात्रेत केलं तर दात झिजत नाहीत.

काही बिघडलंच तर

दातात सणक येणं सगळ्यात नेहमीचं, आणि ते बहुधा काही दिवसांत शमतं. घरी ट्रे लावत असाल तर एक रात्र सोडून लावा. सणक कमी करणारी, पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरा, डॉक्टरांनी सांगितलं तर तीच ट्रेमध्ये भरून काही मिनिटं ठेवा. एकाच दातात सतत ठणका असेल तर ती सणक नव्हे. तिथे किड किंवा चीर असू शकते, जेल थांबवून एक्स-रे काढा.

हिरडी पांढरी पडून चुरचुरत असेल तर चुळा भरा. किरकोळ भाजलेलं आपोआप भरून येतं, पण ट्रेची कड तपासून घ्या आणि जेल कमी भरा. तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठा थेंब एका दाताला पुरतो. दात चट्ट्याचट्ट्यांनी पांढरे दिसत असतील तर लगेच आणखी जेल लावू नका, आठवडा-दोन आठवड्यांत ते पुष्कळसे सारखे होतात.

वर्ष-दोन वर्षांनी रंग थोडा उतरला तर पुन्हा पूर्ण उपचार लागत नाही. जुन्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल भरून दोन-तीन रात्री लावलं की बहुधा भागतं. १० टक्के कार्बामाइड म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणून ते सौम्य. ट्रे तेवढा गरम पाण्याने धुऊ नका, वाकडा होतो आणि मग नवा करावा लागतो.