मॉक ट्रायलला निघालात? उलटतपासातल्या या चुका टाळा

यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडची लॉची पोरं मॉक ट्रायल स्पर्धेसाठी नागपूरला निघतात, तेव्हा बॅगेत न्यायनिवाड्यांची जाडजूड फाईल असते. एसटीत बसूनही पाठांतर चालूच. पहिली चूक इथंच होते. निवाड्यांची लढाई मूट कोर्टात असते, कारण तिथं वाद कायद्याच्या मुद्द्यावर चालतो. मॉक ट्रायल हा खटलाच आहे, फक्त लुटुपुटीचा. त्यात साक्षीदार, पंचनामा, निशाणी (पुराव्याला कोर्टानं दिलेला क्रमांक), सरतपास (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न), उलटतपास (समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न) आणि सगळ्यात शेवटी युक्तिवाद असतो. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा ऐकवून काहीच हाती लागत नाही.

सरावासाठी मी धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचा एक काल्पनिक खटला देतो. महिना डिसेंबर, वेळ संध्याकाळची, कुऱ्हाडीचा वार, आणि शेजारच्या वावरातला एक साक्षीदार.

सरतपासात पोरं हमखास विचारतात, "तुम्ही आरोपीला कुऱ्हाड मारताना पाहिलं ना?" हा सूचक प्रश्न झाला, म्हणजे हवं ते उत्तर प्रश्नातच सुचवलं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १४६ प्रमाणे समोरच्यानं हरकत घेतली, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तो सरतपासात किंवा फेरतपासात (उलटतपासानंतर आपल्या साक्षीदाराला पुन्हा विचारतो त्यात) विचारता येत नाही. नाव, गाव, वावर कुठं आहे अशा प्रास्ताविक किंवा वाद नसलेल्या गोष्टींपुरती सूट असते. घटनेवर आलात की "पुढं काय झालं?" एवढंच विचारा आणि त्याला सांगू द्या.

उलटतपासात नेमकं उलटं करायचं, तिथं सूचकच प्रश्न हवेत. "तुमच्या आणि धुऱ्याच्या मधे तूर उभी होती?" हो. "डिसेंबरात ती डोक्याच्या वर गेली होती?" हो. आता थांबायचं. तुरीपलीकडचं त्याला दिसलं नसणार, हे युक्तिवादात सांगायला एवढं पुरे. पण दर वर्षी कुणीतरी पुढचा प्रश्न टाकतोच, "मग तुम्हाला दिसलं कसं?" साक्षीदार शांतपणे सांगतो, "डुकरांसाठी जागलीला मचाणीवर बसलो होतो, साहेब." मिळवलेलं सगळं गेलं. ज्याचं उत्तर माहीत नाही असा प्रश्न, आणि त्यातही "कसं" किंवा "का" असा मोकळा प्रश्न, उलटतपासात विचारू नका.

समजा, विचारलाच. मग घाबरून बसू नका, आधी पोलिसांपुढचा जबाब काढा. त्यात मचाण आहे का? नसेल तर विचारा, "मचाणीवर होतो असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?" तो हो म्हणाला, की जबाबात तसं का लिहिलेलं नाही ते विचारा. आपल्या कोर्टांत याचं ठरलेलं उत्तर नोंदवलं जातं: "कारण सांगता येणार नाही." ही झाली वगळणूक, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण पोलिसांपुढच्या जबाबात नसलेली गोष्ट. बहुतेक संघ इथं समाधानानं खाली बसतात, पण काम अर्धंच झालेलं असतं. पोलिसांपुढचा जबाब हा काही स्वतंत्र पुरावा नाही. तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला, की साक्षीदारानं मचाणीचं सांगितलं नव्हतं हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. तेव्हाच ती वगळणूक शाबीत होते. जबाबात लिहिलेल्यापेक्षा वेगळंच तो कोर्टात बोलला, तर नेमका तेवढा भाग आधी त्याला दाखवायचा, मग अंमलदाराकडून शाबीत करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं) कलम १८१ आणि साक्ष अधिनियमाचं कलम १४८ एकत्र वाचा. आणि प्रत्येक वगळणूक विसंगती ठरत नाही. मचाण महत्त्वाची, कारण तिच्यावर दिसणं-न दिसणं अवलंबून आहे. शर्टाच्या रंगावर दहा मिनिटं घालवू नका.

आणखी एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे स्वतःची बाजू साक्षीदारापुढं मांडणं. धुऱ्याच्या जुन्या वादामुळं तो खोटं बोलतोय असा तुमचा बचाव असेल, तर तसं त्याला थेट विचारावं लागतं. तो नाकारणार आणि "हे म्हणणे खरे नाही की..." असं नोंदलं जाणार. तरीही विचारायचंच, नाहीतर शेवटच्या युक्तिवादात हा बचाव हवेतून आल्यासारखा वाटतो.

घटनेची तारीखही आधी बघा. ती नवे फौजदारी कायदे लागू झाले त्या १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्ह्याचं कलम भारतीय दंड संहितेचं लागतं, भारतीय न्याय संहितेचं नाही. हरकत घेताना कारण सांगा, नुसतं "ऑब्जेक्शन" ओरडू नका.

साक्षीदाराची भूमिका उरलेल्या पोराला देऊ नका. ज्यानं फाईल सगळ्यात बारकाईनं वाचली त्याला ती द्या. रडारड नको, आणि फाईलबाहेरचं काही रचू नका. स्पर्धा मराठीत असेल तर "मले आवाज आला" असं त्याला खुशाल बोलू द्या. शेतकरी साक्षीदार तसाच बोलतो.

बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे दोन खटले प्रत्यक्ष पाहून नोंदवावे लागतात, त्याला ३० गुण आहेत. अनेक जण मित्राची वही उतरवतात, याचं मला फार वाईट वाटतं. शहरातल्या पोरांना जे इंग्रजी पुस्तकातून शिकावं लागतं, ते तुमच्या गावाजवळच्या कोर्टात रोज मराठीत चालू असतं. तपासी अंमलदाराचा उलटतपास असेल त्या दिवशी जा आणि मागच्या बाकावर बसा. जुन्या वकिलांचे प्रश्न तर लिहून घ्याच, पण उत्तर टाइप होईपर्यंत ते थांबतात, तेव्हा कागदांकडे बघतात की साक्षीदाराकडे, हेही बघा.