बागेतले चपळ पक्षी उडताना टिपायचे तर

पक्ष्यामागे कॅमेरा फिरवत बसू नका; एवढासा पक्षी फ्रेममध्ये टिकतच नाही. दाण्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावर सुकी फांदी रोवा. पक्षी आधी तिथे टेकतो, मग भांड्याकडे झेपावतो. या वाटेला काटकोनात ट्रायपॉड लावा, फांदीच्या टोकावर फोकस धरून तो मॅन्युअल करा, म्हणजे कॅमेरा तो आपोआप बदलणार नाही.

शटर १/३२०० सेकंद. १/१००० ला अंग स्पष्ट येतं, पंखांची टोकं मात्र पुसट होतात. अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. थोडा नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) आला तरी चालेल, हललेला फोटो सुधारत नाही.

पक्षी उडाल्यावर बटण दाबलं तर फ्रेम रिकामीच मिळते. कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर (बटण पूर्ण दाबण्याआधीचे क्षणही साठवणारी सोय) असेल तर वापरा. नसेल तर पक्षी पाय दुमडून पुढे झुकला, की त्याच क्षणी बर्स्ट (सलग भराभर फोटो) सुरू करा.