अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यात मोटरहोमचा मुक्काम: आधी आसरा, मग वीज, मग झोप

रेडिओवर तीन काउंट्यांची, म्हणजे इथल्या जिल्ह्यांची, नावं वाचली गेली आणि आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. रात्रीचे पावणेदोन वाजले होते. एप्रिलचे शेवटचे दिवस, मिसिसिपीचा पूर्व भाग, आमचं २८ फुटी क्लास सी मोटरहोम, म्हणजे व्हॅनच्या केबिनमागे घर बांधलेली गाडी. मागच्या पलंगावर भारतातून आलेले आई-बाबा, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बंकमध्ये लेक. टॉर्नेडो वॉर्निंग लागली होती आणि आपण नेमक्या कुठल्या काउंटीत झोपलोय हे आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. मी पावसात धावत बाथहाउसपर्यंत (सामाईक स्नानगृहापर्यंत) गेले, तर ते पत्र्याचं आणि दाराला कोडचं कुलूप. परत आले तेव्हा आई अंधारात रामरक्षा म्हणत होती. वादळ उत्तरेकडून निघून गेलं. पण आरव्ही पार्क, म्हणजे अशा गाड्या लावून राहायची जागा, कशी निवडायची ते त्या रात्रीनं मला शिकवलं.

पुढच्या सात वर्षांत जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी आणि टेनेसीच्या खेड्यापाड्यातून आम्ही बरेच मुक्काम केले. माझा क्रम आता पक्का आहे: आधी आसरा, मग वीज, मग झोप. तळं, पोहण्याचा तलाव, वायफाय हे सगळं त्यानंतर.

आसऱ्याचं गांभीर्य इकडे नव्यानं येणाऱ्यांना पटकन कळत नाही. टॉर्नेडो म्हटलं की कॅन्सस, ओक्लाहोमा डोळ्यांसमोर येतं. पण २७ एप्रिल २०११ या एका दिवशी एकट्या अलाबामात ६० हून जास्त टॉर्नेडो झाले आणि तिथे दोनशेहून जास्त माणसं गेली. दक्षिणेत ते रात्री येतात, पावसाच्या पडद्याआड येतात, आणि झाडं-टेकड्यांमुळे लांबून दिसत नाहीत. मुख्य काळ मार्च ते मे, पण नोव्हेंबरमध्येही एक फेरी असते. मोटरहोम कितीही जड वाटलं तरी ते आसरा नाही. म्हणून पार्कला फोन केला की माझा पहिला प्रश्न हाच असतो: वादळ आलं तर तुमचे लोक कुठे जातात? ‘काँक्रीट ब्लॉकचं बाथहाउस आहे, रात्रभर उघडं असतं’ हे चांगलं उत्तर. ‘रस्त्यापलीकडच्या चर्चचं तळघर उघडतात’ हेही चांगलं, मग मी चालत किती मिनिटं ते विचारते. पलीकडचा माणूस अडखळला, तर मी आभार मानून फोन ठेवते.

काउंटीचं नाव कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवायचं, शेजारच्या दोन-तीन काउंट्यांची नावंही. हवामान खात्याचे इशारे रेडिओवर काउंटीच्या नावानंच येतात. वेदर रेडिओ स्वस्त मिळतो, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात चॅनेलांपैकी तिथे स्पष्ट लागणारं एक चॅनेल संध्याकाळीच लावून ठेवा. ‘वॉच’ म्हणजे परिस्थिती तयार आहे, बूट आणि टॉर्च दाराशी काढून ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे उठा आणि निघा.

पाण्याचंही तसंच. नदीकाठची साइट, म्हणजे गाडी लावायची जागा, फोटोत सगळ्यात सुंदर दिसते आणि भाडंही तिचंच जास्त असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या पावसानं पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या नद्या फुगल्या, तेव्हा काठावरचे आरव्ही पार्क वाहून गेले. आणि ते समुद्रापासून शेकडो मैल आत, डोंगरात. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. या महिन्यांत मी ओढ्याकाठची साइट घेत नाही, वरच्या रांगेतली घेते. पार्कातून बाहेर पडायला रस्ता एकच असेल आणि तो ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून जात असेल, तर तो पार्कच सोडून देते.

आता वीज. उन्हाळ्यात दक्षिणेत एसीशिवाय मोटरहोममध्ये बसवत नाही, आई-बाबा किंवा लहान मूल बरोबर असेल तर प्रश्नच नाही. साइटवर ३० अँपिअरचं कनेक्शन असतं किंवा ५० चं. आकडे बघून वाटतं, दुपटीपेक्षा कमीच तर फरक आहे. प्रत्यक्षात ३० चं कनेक्शन १२० व्होल्टवर ३,६०० वॉट देतं, तर ५० च्या कनेक्शनमध्ये १२० च्या दोन वाहिन्या असतात आणि मिळून १२,००० वॉट मिळतात. छतावर दोन एसी असतील तर ५० च घ्या. आमचा एकच आहे, १३,५०० बीटीयूचा, तो चालू असताना साधारण १३ अँपिअर खातो. त्यावर १,५०० वॉटची चहाची किटली लावली की आणखी साडेबारा. तेवढ्यात कुणी मायक्रोवेव्ह चालू केला की ब्रेकर पडतो. आमच्याकडे नियम आहे: किटली लावणाऱ्यानं आधी ओरडून सांगायचं.

दुसरा त्रास आकड्यात दिसत नाही. जुन्या पार्कांचं वायरिंग जुन्या काळच्या गाड्यांसाठी केलेलं असतं. जुलैतल्या दुपारी चारला सगळ्यांचे एसी एकदम धावायला लागले की व्होल्टेज खाली येतं, आणि कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जळतो. म्हणून व्होल्टेज मोजणारा, गरज पडली तर वीज तोडणारा सर्ज प्रोटेक्टर नक्की घ्या. आमचा १०४ व्होल्टच्या खाली गेलं की तोडतो. एका पार्कात त्यानं एका दुपारी पाच वेळा तोडलं. तेव्हा मला राग आला होता, पण एसी शाबूत राहिला. फोनवर विचारताना ‘वीज चांगली आहे का’ असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. ‘पेडेस्टल (साइटवरचे विजेचे खांब) शेवटचे कधी बदलले’ असं विचारा.

सावलीही विजेतच धरा. मोटरहोमचं दार आणि ऑनिंग (बाहेर ओढायचं कापडी छत) उजव्या बाजूला असतं. गाडीचं तोंड उत्तरेला असेल तर ऑनिंग पूर्वेला येतं आणि दुपारनंतर तिथे खुर्च्या टाकून बसता येतं. तोंड दक्षिणेला असेल तर संध्याकाळी सातपर्यंत ऊन थेट दारावर. पार्कच्या नकाशावर हे आधीच दिसतं, आणि साइट नंबर मागून घेता येतो. मात्र झाडाखालची साइट घेताना फांदी किती उंचावर आहे ते विचारा. आमची गाडी एसी धरून साडेअकरा फूट उंच आहे, आणि लाइव्ह ओकच्या फांद्या आडव्या पसरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकॅनच्या झाडाखाली गाडी लावलीत तर फळं पडून रात्रभर छतावर दगड पडल्यासारखं वाजतं.

झोपेचा शत्रू म्हणजे मालगाडी. दक्षिणेतली बरीचशी छोटी गावं रुळांच्या कडेनंच वसली, आणि पार्कांना स्वस्त जमीन तिथेच मिळते. नुसते रूळ जवळ असले तर मला चालतं. खरी तपासायची गोष्ट फाटक. फाटकाच्या आधी १५ ते २० सेकंद इंजिनानं भोंगा वाजवायचाच असा संघराज्याचा नियम आहे: दोन लांब, एक आखूड, एक लांब, आणि आवाज ९६ ते ११० डेसिबल. शहरांमध्ये काही ठिकाणी यातून सूट घेतलेली असते, खेड्यात सहसा नसते. सॅटेलाइट नकाशावर पार्क शोधा, रूळ शोधा, मग रस्ता रूळ ओलांडतो ती प्रत्येक जागा मोजा. मैलभराच्या आत दोन फाटकं असतील तर मी दुसरा पार्क बघते. त्याच नकाशावर कोंबड्यांच्या लांबलचक शेडही दिसतात. वारा तिकडून आला तर खिडकी उघडता येत नाही.

कुठल्या प्रकारचा पार्क? माझं मन सगळ्यात जास्त आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सच्या कॅम्पग्राउंडवर आहे. धरणं आणि जलमार्ग बांधणाऱ्या या सरकारी खात्यानं जलाशयांच्या काठी मोठ्या, एकमेकींपासून लांब साइट्स केल्या आहेत. प्रवेशद्वाराशी माणूस असतो, बहुतेक ठिकाणी रात्री १० ला ते बंद होतं. मिसिसिपीत कोलंबसजवळ टेनेसी-टॉमबिगबी जलमार्गावरचं टाउन क्रीक, अलाबामात माँटगोमरीजवळ गंटर हिल, ही दोन्ही आमची आवडती. गंटर हिलला झाडांवरून स्पॅनिश मॉस नावाची राखाडी जटांसारखी वनस्पती लोंबते आणि सकाळी पाण्यावर धुकं असतं. बाबा तिथे तासभर एका खुर्चीत काही न बोलता बसले होते. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर, साधारण सहा महिने आधीपासून. बरोबर ६२ किंवा त्याहून जास्त वयाचं कुणी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर सीनियर पासवर साइटचं भाडं निम्मं होतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तो पास मिळत नाही. एक लक्षात ठेवा: इथे बऱ्याच साइट्सवर वीज-पाणी असतं, पण सांडपाण्याची जोडणी नसते. टाकी निघताना डंप स्टेशनवर रिकामी करायची. रविवारी अकराच्या सुमारास तिथे रांग लागते. आम्ही आठलाच निघतो.

स्टेट पार्कही असेच. मिसिसिपीचं टिशोमिंगो स्टेट पार्क मला फार आवडतं, कारण ते नॅचेझ ट्रेस पार्कवेवरच आहे. नॅचेझपासून नॅशव्हिलजवळपर्यंत जाणारा हा ४४४ मैलांचा रस्ता मोटरहोमसाठी वरदान आहे: ट्रकना बंदी, वेग जास्तीत जास्त ५० मैल, जाहिरातीचे फलक नाहीत. ट्रेसवर नॅशनल पार्क सर्व्हिसची मोफत कॅम्पग्राउंडही आहेत, पण तिथे वीज नाही, डंप स्टेशन नाही आणि बुकिंगही नाही. ऑक्टोबरमध्ये जा, ऑगस्टमध्ये नको. आणि निघण्याआधी ते उघडं आहे का ते पाहून घ्या.

खासगी पार्कांमध्ये खूप फरक असतो. महिन्याच्या भाड्यानं राहणारे पाइपलाइनचे कामगार, विजेचे लाइनमन, प्रवासी नर्सेस बऱ्याच ठिकाणी असतात. त्यांच्यामुळे पार्क वाईट ठरत नाही. उलट सगळ्यात चांगले शेजारी मला तिथेच मिळालेत. एकदा आमचा पाण्याचा रेग्युलेटर फुटला, तर शेजारच्या लाइनमननं स्वतःचा आणून लावला. पण एका रात्रीच्या प्रवाशांसाठी किती साइट्स ठेवल्यात ते विचारा. दोनच असतील तर त्या कुठल्या, हेही विचारा. बहुतेक वेळा उत्तर कचऱ्याच्या डंपस्टरशेजारी असं येतं.

तारखा ठरवताना कॉलेज फुटबॉलचं वेळापत्रक उघडा, मी हे मनापासून सांगते. ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर, टस्कलूसा, ऑबर्न, ऑक्सफर्ड, स्टार्कव्हिल यांपैकी कुठे घरचा सामना असेल तर शुक्रवार-शनिवार आसपासच्या पार्कांत जागा मिळणं मुश्कील. अलाबामातल्या टालाडेगाला मोटारींची शर्यत असते त्या आठवड्यांतही तेच.

पोचण्याची वाटही पार्कवाल्यालाच विचारा. जीपीएस जवळचा म्हणून काउंटी रोड दाखवतं आणि पुढे वजनाची मर्यादा लिहिलेला पूल येतो. आमच्या गाडीची भरलेल्या वजनाची मर्यादा १४,५०० पौंड, म्हणजे सव्वासात अमेरिकी टन (एक टन २,००० पौंडांचा). पाच टनांचा फलक दिसला की मागे फिरायचं, आणि त्या अरुंद रस्त्यावर २८ फूट गाडी वळवणं सोपं नाही. ‘मोठ्या गाड्या कुठून येतात?’ असं विचारलं की ते खुणा सांगून वाट समजावतात, अगदी प्रेमानं. आणि जॉर्जियातून अलाबामात शिरताना घड्याळ एक तास मागे जातं. जाताना एक तास हातात पडतो, पण परतताना तोच तास जातो आणि ऑफिस बंद झालेलं असतं.

पोचल्यावर इंजिन चालू ठेवून मी आधी एकटी खाली उतरते. वर फांद्या बघते. पेडेस्टलचं झाकण काठीनं उघडते, कारण फायर अँट्सना विजेच्या पेट्या आवडतात आणि गांधीलमाशाही आत घर करतात. या मुंग्या १९३० च्या दशकात मोबाइल बंदरातून इथे शिरल्या आणि आता दक्षिणेत सगळीकडे आहेत. भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला तर खुर्च्या दुसऱ्या बाजूला. पाऊस पडून गेला असेल तर लाल मातीवर बूट दाबून बघते, टाच रुतली तर खडीची साइट मागते. ब्रेकर बंद असताना सर्ज प्रोटेक्टर लावते, मग ब्रेकर चालू करून व्होल्टेज वाचते. ११५ ते १२० दिसलं की बाथहाउसपर्यंत चालत जाते, दार उघडतं का बघते, पावलं मोजते. मग परत येऊन नवऱ्याला गाडी आत घ्यायला सांगते.