वास्तववादी चित्र कसं पाहायचं?

'अगदी फोटोसारखं!' असं म्हटलं की आपलं पाहणं तिथेच संपतं. हुबेहूब तर पॅरिसच्या अकादमीतले, म्हणजे सरकारमान्य कलासंस्थेतले, चित्रकारही काढत. एकोणिसाव्या शतकातल्या वास्तववाद्यांचं भांडण वेगळंच होतं : चित्रात कुणाला जागा द्यायची?

म्हणून आधी माप पाहा. मोबाइलवर सगळी चित्रं सारखीच दिसतात, तेव्हा चित्राखालची माहिती वाचा. फ्रेंच वास्तववादी चित्रकार गुस्ताव कूर्बेचं 'ओर्नां येथील दफनविधी' (१८४९-५०) तीन मीटरहून उंच आणि साडेसहा मीटरहून रुंद आहे. आपल्या फ्लॅटच्या खोलीत ते उभंच राहणार नाही. एवढा कॅनव्हास तेव्हा देव, राजे आणि लढाया यांच्यासाठी असे. कूर्बेने त्यावर आपल्या गावची चाळीसहून अधिक साधी माणसं जवळजवळ पूर्ण मापात उभी केली. पॅरिसचे समीक्षक भडकले ते उगाच नाही.

मग नायक शोधा. या चित्रात तो सापडत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. मधोमध आहे उघडा खड्डा, तोही खालच्या कडेला कापलेला, म्हणजे जवळपास आपल्या पायाशी. खड्डा खणणारा गुडघा टेकून बसलाय, लाल झग्यातल्या दोन चर्चसेवकांची नाकंही लाल आहेत, आणि पुढच्या कुत्र्याने तर मान भलतीकडेच वळवली आहे. कोण गेलं, हे चित्र सांगत नाही. एकेक चेहरा घेऊन नजर कुठे जाते ते बोटाने दाखवून बघा. फार थोड्या नजरा खड्ड्याकडे वळतात.

पार्श्वभूमी सोडू नका. फ्रेंच चित्रकार मिलेच्या 'सरवा वेचणाऱ्या बायका' (१८५७; सरवा म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं) पाहताना वाकलेल्या तिघींवर डोळे खिळतात. पण मागे धान्याच्या गंजी आणि उजवीकडे घोड्यावरचा बारकासा मुकादम पाहिला, की या बायकांच्या वाट्याला काय उरलंय ते कळतं.

शेवटी, काय गाळलंय ते पाहा. विसाव्या शतकातला अमेरिकी वास्तववादी चित्रकार एडवर्ड हॉपर याच्या 'नाइटहॉक्स' (१९४२) मध्ये रात्रीचं हॉटेल लख्ख उजळलेलं आहे, मोठी काच आहे, आत चार माणसं आहेत. पण रस्त्यावरून आत जायला दार दिसत नाही. हॉपरने प्रसंग साधा करत नेला, तो असा. पुढचं चित्र पाहताना कागदावर दोन रकाने करा : काय आहे, आणि काय असायला हवं होतं पण नाही. दुसरा रकाना भरायला वेळ लागेल, लागू द्या.