चौथी-पाचवीच्या मुलांना युरोपीय दर्यावर्दी कसे शिकवावेत

वास्को द गामा आणि कोलंबस शिकवायचे म्हटले की आपण फळ्यावर सनावळ्या लिहून मोकळे होतो. पहिल्या वर्षी मीही तेच केले आणि चाचणीत एका मुलाने कोलंबसाला कालिकतला व गामाला अमेरिकेत नेऊन उतरवले. त्यात त्याचा दोष नव्हता, कारण ज्याने समुद्रच पाहिलेला नाही अशा सोलापूरच्या मुलाने दोन परक्या नावांतला फरक नुसत्या सनांवरून ओळखावा, ही अपेक्षाच चुकीची होती. तेव्हापासून मी या घटकाची सुरुवात मधल्या सुट्टीतल्या डब्यापासून करते.

डबे उघडल्यावर मुलांना शेंगाचटणीकडे नीट पाहायला सांगावे. तिच्यातला लसूण आपल्याकडे फार जुना आहे. शेंगदाणा आणि लाल मिरची मात्र मूळची अमेरिका खंडातली आहेत. म्हणजेच कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचण्यापूर्वी आपल्याकडच्या कोणत्याही उखळात शेंगाचटणी कुटली गेलेली नव्हती. मुलांचा यावर विश्वास बसत नाही आणि वाद सुरू होतो. तो होऊ द्यावा. मग तिखटासाठी तेव्हा काय वापरत, असा प्रश्न कुणीतरी विचारतेच. त्याचे उत्तर मिरी, आणि युरोपातली जहाजे निघाली होती ती याच मिरीच्या मागावर. बटाटा, पाव, साबण, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हेही येथेच सांगून टाकावे.

ही जहाजे का निघाली, हे समजावण्यासाठी व्याख्यानाऐवजी एक खेळ घ्यावा. पाच मुलांना ओळीने उभे करून त्यांना केरळचा शेतकरी, अरब व्यापारी, इजिप्तमधला दलाल, व्हेनिसचा सावकार आणि लिस्बनचे गिऱ्हाईक करावे. मिऱ्यांची पुडी एक रुपयाला निघते आणि प्रत्येक जण ती दुप्पट किमतीला पुढे विकतो, असे ठरवून द्यावे. हे आकडे खेळापुरतेच आहेत, हे स्पष्ट सांगावे. पुडीसाठी आठ रुपये मोजणारे गिऱ्हाईक दुसऱ्या फेरीत आपणहून म्हणते, "मी थेट शेतकऱ्याकडेच जातो." पोर्तुगालच्या राजाचा विचार याहून फारसा वेगळा नव्हता.

त्यानंतर पृथ्वीगोल घेऊन आफ्रिकेला वळसा घालणारा मार्ग बोटाने फिरवून दाखवावा. बार्तोलोमेउ दियाश हा पोर्तुगीज दर्यावर्दी १४८८ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परत गेला. गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ पोहोचला. येथे वाऱ्याला पुरेसा वेळ द्यावा. बाकावर कागदी होडी ठेवून एका मुलाला वहीने वारा घालायला लावावे आणि दुसऱ्याला त्याच वाऱ्याविरुद्ध फुंकर मारून होडी परत आणायला सांगावे. आफ्रिकेच्या मलिंदी बंदरातून नैऋत्य वाऱ्यांच्या जोरावर गामा चार आठवड्यांच्या आत भारताच्या किनाऱ्याला लागला. परतताना मात्र अनुकूल वारे सुरू होण्याची वाट न पाहता निघाल्यामुळे तोच समुद्र ओलांडायला त्याला जवळपास तीन महिने लागले. जाताना त्याच्यासोबत मलिंदीत घेतलेला, वाट ठाऊक असलेला वाटाड्या होता, हे विसरू नये. हा तपशील पुढे लागणार आहे.

त्या तीन महिन्यांत खलाशांनी काय खाल्ले असेल, असे विचारले की आपल्या मुलांकडे उत्तर तयार असते: कडक भाकरी. जहाजावरची बिस्किटे अशीच, महिनोन्‌महिने टिकणारी असत. पण ताजी फळे आणि भाजीपाला नसल्याने क जीवनसत्त्व मिळत नसे, हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई आणि माणसे दगावत. या आजाराला स्कर्व्ही म्हणतात. गामासोबत निघालेल्या सुमारे १७० जणांपैकी निम्म्याहूनही कमी परतले. एक लिंबू टेबलावर ठेवून हे सांगितले की वर्ग गप्प होतो.

कालिकतच्या दरबाराचा प्रसंग मुलांकडून करवून घ्यावा. गामाने सामुतिरी राजासाठी आणलेल्या भेटींत पट्ट्यापट्ट्यांचे कापड, टोप्या, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध होता. ते पाहून दरबारातली माणसे हसली. हातमाग आणि चादरींच्या गावातल्या मुलांना, सुती कापडाच्या देशात कापड भेट म्हणून आणणाऱ्या पाहुण्याची गंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

कोलंबसासाठी वर्गातल्या भाषाच कामाला येतात. त्याने सोबत अरबी जाणणारा दुभाषी नेला होता, पण तो पहिल्यांदा उतरला त्या अमेरिकेकडच्या ग्वानाहानी बेटावरच्या लोकांना अरबी कुठून येणार? तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुले एकाच वर्गात असल्याचा लाभ घेऊन, एकाने फक्त आपल्या घरच्या भाषेत पाणी मागावे आणि दुसऱ्याने खुणांवरून ओळखावे.

काळाचा अंदाज यावा म्हणून भिंतीवर सुतळी बांधावी आणि दहा वर्षांना एक वीत धरावी. मुलांना शिवाजी महाराजांचा जन्म, १६३०, आधीच ठाऊक असतो. तेथून मागे तेरा विती मोजल्या की गामा सापडतो. आणखी तीन विती मागे गेल्यावर, १४६९च्या सुमारास, अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याची चिठ्ठी अडकवावी. तो एक घोडा घेऊन चौलला उतरला, पावसाळ्यात जुन्नरला अडकला, तिथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि नंतर परत दिला; पुढे तो बिदरला पोहोचला. आपल्या शेजारच्या बिदरपर्यंत गामाच्या आधी एक युरोपीय माणूस चालत आला होता, हे मुलांना कोणत्याही गलबताहून जास्त आवडते.

हिंसा लपवू नये, मात्र तिचे वर्णन टाळावे. गामा १५०२ मध्ये परत आला तेव्हा त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज जाळले, एवढे एक वाक्य या वयाला पुरे.

शेवटी मुलांकडून अर्धे पान लिहून घ्यावे: त्या दिवशी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कोळ्याने घरी जाऊन काय सांगितले असेल? काही मुले तरीही "गामाने भारताचा शोध लावला" असे लिहितातच. त्यावर लाल शाईने काट न मारता बाजूला एवढेच लिहावे: "मग वाटाड्या कुठे चालला होता?"